ईसीएनएल की गर्ल्स अकॅडमी? थांबा, आधी मुलीची जन्मतारीख सांगा

मार्च-एप्रिल उजाडला की न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंतच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक प्रश्न हमखास फिरतो. 'एका क्लबने लेकीला ईसीएनएलच्या संघात बोलावलंय, दुसरा क्लब गर्ल्स अकॅडमीत आहे. कुठे घालावं?' ईसीएनएल (एलिट क्लब्ज नॅशनल लीग) आणि गर्ल्स अकॅडमी या अमेरिकेतल्या मुलींच्या क्लब सॉकरच्या दोन वरच्या लीग. उत्तरं पटापट येतात, आणि जवळपास सगळी लीगच्या नावावरून दिलेली असतात. मुलगी कोणत्या महिन्यात जन्मली हे क्वचितच कोणी विचारतं. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा. २०२६-२७ च्या हंगामापासून अमेरिकेतल्या क्लब सॉकरचे वयोगट बदलले आहेत. पुढची दोन-तीन वर्षं मुलगी कोणाबरोबर खेळणार, केवढ्या मैदानावर खेळणार आणि कोणत्या महिन्यांत रिकामी बसणार, हे लीगच्या नावापेक्षा या बदलावर जास्त अवलंबून आहे.

वयाचं गणित

दहा वर्षांपूर्वीपर्यंत अमेरिकेत वयोगट १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे धरत. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सॉकर फेडरेशनने कॅलेंडर वर्षाची पद्धत जाहीर केली, म्हणजे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. २०१७ पर्यंत ती सगळीकडे लागू झाली. कारण साधं होतं. फिफाच्या वयोगट स्पर्धा जन्मवर्षावर चालतात. २०२२ मध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकातही १ जानेवारी २००५ ही सीमारेषा होती. राष्ट्रीय संघ निवडणाऱ्यांना हे सोयीचं. पण क्लबात खेळणाऱ्या मुलींपैकी राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोहोचतात त्या मूठभर. बाकीच्यांचं सगळं शाळेच्या इयत्तेला बांधलेलं असतं, आणि जन्मवर्षाच्या पद्धतीत एकाच संघात दोन इयत्तांच्या मुली येत होत्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये फेडरेशनने वयोगट ठरवणं सदस्य संघटनांवर सोपवलं. यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ या तिघींनी मिळून आधी १ सप्टेंबर ही तारीख जाहीर केली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ती बदलून १ ऑगस्ट केली. त्यामुळे जुनी माहिती वाचून कोणी अजून सप्टेंबर म्हणत असेल तर ती सोडून द्या.

गणित असं करा. हंगाम ज्या वर्षी ऑगस्टमध्ये सुरू होतो ते वर्ष घ्या, त्यातून मुलीचं जन्मवर्ष वजा करा. मुलगी ऑगस्ट ते डिसेंबरमधली असेल तर आलेला आकडा हाच तिचा वयोगट. जानेवारी ते जुलैमधली असेल तर त्यात एक मिळवा. ऑक्टोबर २०१३ ची मुलगी २०२६-२७ मध्ये २०२६ वजा २०१३, म्हणजे अंडर-१३. मार्च २०१३ ची मुलगी त्याच हंगामात अंडर-१४. जुन्या पद्धतीत दोघी अंडर-१४ मध्ये एकत्र असत्या.

आता बदलाच्या वर्षी काय होतं ते पाहा. ऑक्टोबर २०१३ ची मुलगी २०२५-२६ मध्ये जन्मवर्षाने अंडर-१३ खेळली, आणि २०२६-२७ मध्येही अंडर-१३ च खेळणार. तिची शाळेत इयत्ता पुढे गेली, सॉकरमध्ये तोच वर्ग पुन्हा. तिच्या संघातल्या जानेवारी ते जुलैच्या मैत्रिणी मात्र अंडर-१४ मध्ये सरकल्या. तिथे त्यांना भेटतात ऑगस्ट ते डिसेंबर २०१२ च्या मुली, ज्या अंडर-१४ चं दुसरं वर्ष काढतायत. म्हणजे प्रत्येक संघ बारा महिन्यांपैकी सात आणि पाच असा तुटतो आणि तुटलेले तुकडे नव्याने जुळतात. अठरा जणींच्या संघात साधारण दहा-अकरा एकीकडे जातात, सात-आठ दुसरीकडे.

या जुळवाजुळवीत आकडे जमतात, जागा जमत नाहीत. एका संघाच्या दोन्ही गोलकीपर नेमक्या वसंतातल्या आणि त्याखालच्या संघाच्या शरदातल्या निघाल्या तर एका वयोगटात गोलकीपर एकही उरत नाही आणि वरच्या गटात तीनही होऊ शकतात. डाव्या पायाच्या बचावपटू, मधल्या फळीतली चेंडू वाटणारी मुलगी, या जागांचंही तसंच. क्लबने ही जुळवाजुळव कागदावर केली आहे का, हे ट्रायआउटच्या (संघनिवड चाचणीच्या) आधी सरळ विचारावं. ज्या क्लबच्या संचालकाला जागानिहाय उत्तर देता येतं तो क्लब बरा.

फायदा कोणाचा? उशिरा जन्मलेल्यांचा. नोव्हेंबरची मुलगी आतापर्यंत संघातली सर्वात लहान, सर्वात बुटकी, धक्का लागला की पडणारी असायची. आता ती वयोगटाच्या वरच्या टोकाला येते. जानेवारी-फेब्रुवारीच्या मुलींचं वर्चस्व जातं, त्या मधोमध येतात, आणि जुलैची मुलगी शेंडेफळ ठरते. बाराव्या-तेराव्या वर्षी आठ-दहा महिन्यांचा फरक उंचीत, वेगात, हाडापेरात दिसतो. तो गुणवत्तेचा फरक समजणारे प्रशिक्षक सगळीकडे आहेत. तुमची मुलगी जानेवारीची असेल आणि अचानक 'तिचा खेळ खाली आला' असं कानावर आलं, तर आधी बाजूला उभ्या असलेल्या मुलींच्या जन्मतारखा बघा.

ऑगस्टच्या मुलींचं प्रकरण वेगळं आहे, आणि याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. कॅलिफोर्निया, टेक्सास यांसारख्या राज्यांत शाळाप्रवेशाची तारीख १ सप्टेंबर आहे. तिथे ऑगस्ट २०१३ ची मुलगी सहसा तिच्या इयत्तेत सर्वात लहान असते आणि २०२६ च्या शरदात आठवीत जाते. सॉकरमध्ये मात्र १ ऑगस्टच्या रेषेमुळे ती अंडर-१३ मध्ये, म्हणजे बहुतेक सातवीच्या मुलींबरोबर. न्यूयॉर्क शहरात शाळा डिसेंबरअखेरची तारीख धरतात, त्यामुळे तिथे ऑगस्ट ते डिसेंबर सगळ्याच मुलींचं असं होतं. न्यू जर्सीत तारीख स्कूल डिस्ट्रिक्टवर आहे, बऱ्याच ठिकाणी १ ऑक्टोबर. अशा मुलीला एक वयोगट वर खेळवायचं का, हा प्रश्न दरवर्षी येणार. सातवी-आठवीत घाई नको. नववीत जाताना मात्र गांभीर्याने विचार करा, कारण तेव्हा हायस्कूलचा हंगाम मध्ये येतो.

वयोगटाबरोबर मैदान बदलतं

फेडरेशनने २०१७ पासून लहान वयोगटांचे खेळाचे आकार ठरवून दिले आहेत. अंडर-८ पर्यंत चार विरुद्ध चार, गोलकीपर नाही, तीन नंबरचा चेंडू. अंडर-९ आणि १० ला सात विरुद्ध सात, चार नंबरचा चेंडू, २५ मिनिटांचे दोन डाव. इथे मैदानावर एक जादा रेषा असते, बिल्ड-आउट लाइन. गोलकीपरच्या हातात चेंडू आला की समोरच्या संघाने त्या रेषेमागे जायचं, आणि गोलकीपरने चेंडू उडवून मारायचा नाही. अंडर-११ आणि १२ ला नऊ विरुद्ध नऊ, ३० मिनिटांचे दोन डाव, मैदान ७० ते ८० यार्ड लांब. अंडर-१३ पासून अकरा विरुद्ध अकरा, पाच नंबरचा चेंडू, अंडर-१३ आणि १४ ला ३५ मिनिटांचे दोन डाव आणि २४ फूट रुंद, ८ फूट उंच असा मोठ्यांचा गोल.

डोक्याने चेंडू मारायला अंडर-११ आणि त्याखाली बंदी आहे. अंडर-१२ आणि १३ ला सरावात मर्यादा आहे: आठवड्याला ३० मिनिटांहून जास्त नाही आणि एका मुलीला १५ ते २० हेडरपेक्षा जास्त नाही.

हे सगळं इथे सांगायचं कारण बदलाचं वर्ष. नोव्हेंबर २०१४ ची मुलगी २०२५-२६ मध्ये अंडर-१२, म्हणजे नऊ-नऊ खेळली. २०२६-२७ मध्ये ती पुन्हा अंडर-१२, पुन्हा नऊ-नऊ. पालकांना वाटतं वर्ष फुकट गेलं. मला तसं वाटत नाही. नऊ-नऊच्या मैदानात मुलीला चेंडू जास्त वेळा मिळतो आणि तांत्रिक बाजू पक्की व्हायला एक वर्ष मिळतं. अकराच्या मैदानावर बारीक चणीची मुलगी विंगवर उभी राहून वाट बघत बसते. गोलकीपरसाठी तर हे वरदानच आहे. पावणेपाच फुटांची पोर मोठ्या गोलमध्ये उभी केली की डोक्यावरून पडणारे गोल ती थांबवू शकत नाही, आणि चार सामन्यांत तिची उमेद जाते.

लीग कशा आल्या आणि का भांडतात

अमेरिकेत क्लब सॉकरवर एक छत्र नाही. एवायएसओ १९६४ ची, तिचा भर सगळ्यांना खेळवण्यावर. यूएस यूथ सॉकर १९७४ ची, राज्य संघटनांमार्फत चालणारी. कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या मोठ्या राज्यांत तर दोन-दोन संघटना. यूएस क्लब सॉकर २००१ ची, क्लबांना राज्याच्या चौकटीबाहेर खेळता यावं म्हणून आलेली. प्रत्येकीचं ओळखपत्र वेगळं, विमा वेगळा, स्पर्धा वेगळ्या.

२००९ मध्ये मुलींच्या मोठ्या क्लबांनी एकत्र येऊन ईसीएनएल काढली. उद्देश हा की चांगल्या संघांनी आपसात खेळावं आणि कॉलेजच्या प्रशिक्षकांना एका जागी सगळ्या मुली बघता याव्यात. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे अमेरिकेतल्या कॉलेजांना मुलींच्या खेळांवर खर्च करावा लागला, महिला सॉकरचे संघ शेकड्यांनी उभे राहिले, आणि त्या संघांत शिरण्याची वाट क्लबातून जाऊ लागली. लीगला किंमत आली ती या वाटेमुळे.

मग २०१७ मध्ये फेडरेशनने स्वतःची मुलींची डेव्हलपमेंट अकॅडमी सुरू केली. वर्षातले दहा महिने सराव आणि हायस्कूलच्या संघातून खेळायला मनाई. बरेच नामवंत क्लब तिकडे गेले, बरेच ईसीएनएलमध्ये राहिले, आणि एकाच शहरातले दोन उत्तम संघ एकमेकांशी खेळेनासे झाले. हायस्कूलची मनाई मुलींना पटली नाही. शाळेच्या जर्सीत, मैत्रिणींसमोर खेळण्याचं मोल त्यांना जास्त होतं. काही क्लब परत फिरले. एप्रिल २०२०, कोविडचे दिवस. फेडरेशनने अकॅडमी बंद केली. उघड्यावर पडलेल्या क्लबांनी त्याच वर्षी गर्ल्स अकॅडमी उभी केली. ईसीएनएल आणि गर्ल्स अकॅडमी, दोन्ही लीग हायस्कूलला परवानगी देतात, आणि दोन्ही १ ऑगस्टच्या वयोगटावर आल्या आहेत. म्हणजे नियमांच्या बाबतीत या दोघींत पूर्वीसारखा मोठा फरक उरलेला नाही.

दोन्हींच्या खाली दुसऱ्या पायऱ्या आहेत. ईसीएनएलच्या खाली ईसीएनएल रीजनल लीग, जिला सगळे नुसतं आरएल म्हणतात. गर्ल्स अकॅडमीच्या खाली अ‍ॅस्पायर. डीपीएल नावाची आणखी एक लीग आहे. यूएस क्लब सॉकरची एनपीएल वेगळी. यूएस यूथ सॉकरची नॅशनल लीग वेगळी, आणि तिच्या खाली राज्याच्या लीग.

बिल्ला क्लबचा असतो

पालकांची सर्वात मोठी गल्लत इथे होते. ईसीएनएल किंवा गर्ल्स अकॅडमीत प्रवेश मिळतो तो क्लबला, सगळ्या वयोगटांसकट. एखाद्या संघाने जिंकून वर जायचं आणि हरून खाली यायचं अशी सोय तिथे नाही. राज्याच्या लीगमध्ये मात्र बहुधा असते. तिथे संघ विभागवार लावतात आणि निकालांवरून वर-खाली करतात. स्टेट कपमधून पुढे विभागीय आणि राष्ट्रीय स्पर्धेपर्यंतही जाता येतं.

परिणाम असा की ईसीएनएल क्लबचा एखादा वयोगट कमजोर असला तरी तो ईसीएनएलमध्येच खेळतो आणि आठवड्यामागून आठवडा सहा-शून्यने हरतो. शेजारच्या साध्या क्लबचा त्याच वयाचा तगडा संघ राज्याच्या लीगमध्ये अडकतो. म्हणून क्लबचं नाव बाजूला ठेवा आणि त्या वयोगटाचा निकालपट बघा. पाच गोलांच्या फरकाने हरलेले सामने किती, जिंकलेले किती. सगळे सामने मोठ्या फरकाने जिंकणाऱ्या संघातही मुलगी फार शिकत नाही. एक-दोन गोलांच्या फरकात संपणारे सामने निम्म्याहून जास्त असतील तर पातळी बरोबर. बदलाच्या वर्षात मात्र मागचा निकालपट अर्धाच उपयोगी आहे, कारण तो संघ आता तुटलाय. त्या वयोगटात येणाऱ्या दोन्ही जुन्या संघांचे निकाल बघावे लागतात.

दुसरी गल्लत नावांची. क्लब एकच, पण एका वयोगटात संघ तीन-चार: पहिला ईसीएनएल, दुसरा आरएल, तिसरा एनपीएल किंवा राज्याच्या लीगमध्ये. जाहिरातीत मोठा बिल्ला पहिल्या संघाचा, पैसे भरणाऱ्या मुली बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या संघातल्या. त्यात वाईट काही नाही, पण कोणत्या संघाचं आमंत्रण आहे ते लेखी घ्या. 'ती पूलमध्ये आहे, दोन्हीकडे खेळेल' हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. याचा अर्थ कधी कधी असा होतो की शनिवारी आरएलचा पूर्ण सामना आणि रविवारी ईसीएनएलच्या बेंचवर बसण्यासाठी तीन तासांचा प्रवास. मागच्या हंगामात पूलमधल्या मुलींना वरच्या संघात किती मिनिटं मिळाली, हे विचारा. प्रशिक्षक आकडा देत नसेल तर तेच उत्तर समजा.

माझा कौल विचाराल तर अंडर-१३ आणि १४ ला वरच्या लीगच्या बेंचपेक्षा खालच्या लीगचा पूर्ण वेळ बरा. सामन्यातला निम्म्याहून जास्त वेळ मुलगी मैदानावर नसेल तर बिल्ल्याचा उपयोग फक्त कारच्या स्टिकरला. अंडर-१६ ला हे उलटू शकतं, आणि त्याचं कारण कॉलेज.

हायस्कूलचा हंगाम आणि मधे अडकणाऱ्या मुली

मुलींचा हायस्कूल सॉकर हंगाम राज्याराज्यात वेगळा असतो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायोत शरदात, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात हिवाळ्यात, जॉर्जिया, इलिनॉय, मिशिगन, नॉर्थ कॅरोलायनात वसंतात. त्या काळात क्लबचे मोठे संघ थांबतात.

जन्मवर्षाच्या पद्धतीत अंडर-१५ च्या संघात नववीतल्या आणि आठवीतल्या मुली एकत्र असत. नववीतल्या मुली हायस्कूलच्या संघात गेल्या की आठवीतल्या मागे राहत, पाच-सहा जणी, त्यांना ना संघ ना सामने. अशा मुलींना सगळे 'ट्रॅप्ड' म्हणत. क्लब त्यांना तात्पुरता संघ करून देत, तोही सगळीकडे नाही. अंडर-१९ च्या टोकाला हेच पुन्हा होई: मोठ्या मुली कॉलेजला, उरलेल्या बारावीत आणि संघ अर्धा. नव्या रेषेमुळे अंडर-१३ म्हणजे बहुतांश सातवी, अंडर-१४ म्हणजे आठवी, अंडर-१५ म्हणजे नववी असं जुळतं. वयोगटातून सहा वजा केले की इयत्ता. बदल झाला तो मुख्यतः यासाठी, आणि माझ्या मते तो योग्य आहे.

पूर्ण सुटका मात्र नाही. ज्या राज्यांत शाळा आणि सॉकरच्या तारखांत अंतर आहे तिथे ऑगस्टच्या, कुठे सप्टेंबरच्याही मुली आता उलट्या बाजूने अडकतात. त्या नववीत असतात आणि क्लबचा संघ आठवीचा. न्यू जर्सीतली अशी मुलगी शरदात हायस्कूलसाठी खेळायला गेली तर तिच्या क्लबच्या संघाचे सामने तिच्याशिवाय चालू राहतात, आणि दोन्हीकडे खेळली तर आठवड्यातले सहा दिवस पाय थांबत नाहीत. वाढत्या वयात मुलींना गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त होते. क्लब कोणताही असो, सरावाआधी फिफाच्या ११+ सारखा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आठवड्यातून निदान दोनदा होतो का, हे मैदानावर जाऊन बघण्यासारखं आहे.

कॉलेजचे डोळे कधी लागतात

एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना. तिच्या पहिल्या विभागातल्या महिला सॉकर प्रशिक्षकांना मुलीशी थेट बोलायची परवानगी अमेरिकेतली दहावी संपल्यावर, १५ जूनपासून मिळते. म्हणजे अंडर-१६ चा हंगाम कळीचा. पूर्वी त्या मैदानावर दहावी आणि नववी मिसळलेल्या असत आणि प्रशिक्षकांना यादीत कोण कोणत्या वर्षी हायस्कूल संपवणार हे शोधत बसावं लागे. आता अंडर-१६ म्हणजे जवळपास सगळ्या एकाच वर्षाच्या. ज्या ऑगस्टच्या मुली इयत्तेने पुढे आहेत त्यांच्यासाठी मात्र धोका इथे आहे. प्रशिक्षक अंडर-१६ च्या मैदानाशी उभे असतात तेव्हा ही दहावीतली मुलगी अंडर-१५ खेळत असते. दहावीच्या आत तिला वरच्या वयोगटात न्यावं, निदान शोकेस स्पर्धांना (जिथे कॉलेजचे प्रशिक्षक मुली बघायला येतात) गेस्ट म्हणून खेळवावं, आणि प्रोफाइलवर हायस्कूल संपण्याचं वर्ष ठळक लिहावं. २०२६-२७ मध्ये सातवीत असलेली मुलगी २०३२ मध्ये हायस्कूल संपवणार, असा हिशेब.

यात आणखी एक ताण आलाय. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांत महिला सॉकरच्या संघाला २८ जणींची मर्यादा आली. पूर्वी मर्यादा शिष्यवृत्त्यांवर होती, १४ शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम अनेक मुलींत वाटत, आणि शिष्यवृत्तीविना संघात राहणाऱ्या बऱ्याच असत. आता शेवटच्या जागा कमी झाल्या. कॉलेजसाठी म्हणून हजारो डॉलर ओतताना हे ध्यानात असू द्या.

राष्ट्रीय संघांची निवड जन्मवर्षावरच राहणार, कारण फिफा बदललेली नाही. कोणाच्या मनात भारताकडून खेळण्याचा विचार असेल तर ओसीआय कार्ड पुरत नाही, भारतीय नागरिकत्व लागतं.

ट्रायआउट, पैसे आणि कागद

ट्रायआउट बऱ्याच राज्यांत मे-जूनमध्ये, काही ठिकाणी त्याही आधी. आमंत्रण आलं की उत्तराला एक ते तीन दिवस मिळतात आणि आगाऊ रक्कम परत मिळत नाही. त्यामुळे दोन क्लबांचं वेळापत्रक आधीच समोर ठेवावं. आंब्याच्या दिवसांत भारतवारी ठरवणाऱ्यांनी तर नक्कीच. जूनअखेर ते जुलैमध्ये राष्ट्रीय बाद फेरी आणि डिसेंबरमध्ये शोकेस असतात, आणि तिकिटंही नेमकी तेव्हाचीच काढलेली असतात. प्रशिक्षकाला आधी सांगितलं तर चालतं, शेवटच्या आठवड्यात सांगितलं तर जागा जाते.

क्लबची वार्षिक फी कळते, बाकी खर्च कळत नाही. ड्रेसचा संच, प्रवास, हॉटेल, प्रशिक्षकाच्या प्रवासातला वाटा, स्पर्धाशुल्क हे वेगळं असू शकतं. बऱ्याच स्पर्धांना 'स्टे-टू-प्ले' असतं, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या हॉटेलातच राहायचं, नातेवाइकाकडे उतरलात तरी. दक्षिण कॅलिफोर्निया किंवा उत्तर न्यू जर्सीत बरेच सामने गाडीने होतात. डोंगराळ आणि मैदानी राज्यांत हीच लीग विमानाने खेळावी लागते. मागच्या वर्षीच्या संघाचं प्रवासाचं वेळापत्रक मागून घ्या, बेरीज आपोआप होते.

आणि कागद. भारतात जन्मलेल्या मुलीच्या महापालिकेच्या दाखल्यावर तारीख दिवस-महिना-वर्ष अशी असते. ०८/०७/२०१३ म्हणजे आपल्याकडे ८ जुलै, अमेरिकन रजिस्ट्रारच्या डोळ्यांना ७ ऑगस्ट. जुन्या पद्धतीत ही चूक खपून जायची, कारण वर्ष तेच. आता १ ऑगस्टची रेषा मधे आहे: ८ जुलै असेल तर २०२६-२७ मध्ये अंडर-१४, ७ ऑगस्ट असेल तर अंडर-१३. चुकीच्या गटात नोंद झालेली मुलगी हंगामाच्या मध्यात सापडली तर सामने रद्द ठरू शकतात. नोंदणी करताना महिना अक्षरांत लिहा आणि कार्ड आल्यावर तारीख स्वतः वाचा. मुलगी दहा वर्षांची झाल्यावर भारतातून आली असेल तर पहिल्या नोंदणीला आंतरराष्ट्रीय परवानगीची प्रक्रिया लागते. लहानपणीच आलेली असेल तरी कधी आली याचा पुरावा मागतात. पासपोर्ट, व्हिसा आणि शाळेचे दाखले स्कॅन करून ठेवा आणि क्लबच्या रजिस्ट्रारकडे जूनमध्येच द्या. ऑगस्टमध्ये दिलेत तर पहिले काही सामने मुलगी कुंपणाबाहेरून बघते.